क्यूब्समधलं अ‍ॅप गायब झालं? या चुका टाळा

फोंड्याच्या मावसभावाचा चवथीच्या आठवडाभर आधी फोन आला. तो क्यूब्स ओएस वापरतो; ही संगणकाची प्रणाली कामं ‘क्यूब’ नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. ‘दादा, माटोळी स्पर्धेच्या पोस्टरसाठी काल वर्क क्यूबमध्ये इंकस्केप घातलं. रात्री वीज गेली. सकाळी बघतो तर पोस्टरची फाइल आहे आणि इंकस्केपच नाही!’

फाइल राहिली आणि अ‍ॅप गेलं, यातच सगळं आलं. क्यूब्स ओएसमध्ये नेहमीचा क्यूब आपली प्रणाली टेम्प्लेटकडून, म्हणजे अ‍ॅप्ससकट तयार ठेवलेल्या साच्याकडून, उसनी घेतो. त्याचं स्वतःचं टिकतं ते मुख्यतः होम फोल्डर आणि यूएसआर-लोकल (/usr/local) फोल्डर. बाकीचे बदल क्यूब बंद झाला की पुसले जातात. ही रचना मला फार मोलाची वाटते, कारण प्रणालीच्या भागात घुसलेली घाणही तशीच पुसली जाते. (होममध्ये लपलेली मात्र राहते.)

म्हणून अ‍ॅप घालायचं ते टेम्प्लेटच्या टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायची खिडकी). भावाचा क्यूब डेबियन या लिनक्सच्या टेम्प्लेटवर होता, तिथे त्याने ते पुन्हा घातलं. तरी वर्कमध्ये दिसेना! इथेच बहुतेक जण अडकतात: टेम्प्लेट चालूच ठेवलं होतं. आधी टेम्प्लेट बंद करा, मगच क्यूब बंद करून पुन्हा सुरू करा. टेम्प्लेट बंद होईपर्यंत क्यूबला त्याची जुनीच प्रत मिळते.

एवढं करूनही मेन्यूत नाव नसेल तर क्यूबच्या टर्मिनलमध्ये अ‍ॅपचं नाव टाइप करा. उघडलं, तर अडचण फक्त मेन्यूची. क्यूबच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन्सचा टॅब आहे. तिथे यादी रिफ्रेश करा आणि नाव डावीकडून उजव्या रकान्यात न्या. नवं अ‍ॅप त्या रकान्यात आपोआप जात नाही.

टेम्प्लेटला इंटरनेट नाही म्हणून त्याला नेटवर्क जोडून देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. एपीटी आणि डीएनएफ (डेबियन आणि फेडोरा या लिनक्समधली अ‍ॅप घालायची साधनं) अपडेट प्रॉक्सी नावाच्या मध्यस्थातून पॅकेजेस, म्हणजे अ‍ॅपचे गठ्ठे, आणतात, त्यांना थेट जोडणी लागत नाही. टेम्प्लेट बाधित झालं तर त्यावरचे सगळे क्यूब बाधित होतात. बाहेरून आणलेलं पॅकेज घालायचंच असेल तर टेम्प्लेटचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढा, त्यात घाला आणि गरज असलेला एकच क्यूब त्यावर चालवा.

टेम्प्लेटमध्ये पिप किंवा फ्लॅटपॅक या अ‍ॅप घालायच्या दुसऱ्या साधनांनी ‘युजर’ पर्याय देऊन घातलेलं अ‍ॅपही क्यूबमध्ये येत नाही. ते टेम्प्लेटच्या होममध्ये बसतं आणि ते होम क्यूबला मिळत नाही. मिनिमल (किमान) टेम्प्लेटमध्ये तर मुळातच फार थोडं असतं, तिथे लागेल ते स्वतः घालावं लागतं.

फेडोराचं नवं टेम्प्लेट उतरवून क्यूब त्यावर नेलात की जुन्यात घातलेली अ‍ॅप्स त्यात नसतात. जुनं काढून टाकण्याआधी त्यातल्या पॅकेजेसची यादी करून ठेवा. भावाने ती आता वहीत लिहिली आहे, इंकस्केप पहिल्या ओळीवर.