फँटसी लिहिताय? मग गावात भाविक, शहरात नास्तिक ही चूक टाळा

परत एक कथा वाचायला आली, परत तेच. गावातले सगळे भोळेभाबडे, हात जोडून उभे, आणि राजधानीतले सगळे शहाणे नास्तिक. अरे, मंगळवारी सिद्धिविनायकाची लाईन बघा एकदा. रोमन साम्राज्यात तर उलटंच झालेलं, ख्रिस्ती धर्म आधी शहरांत पसरला आणि खेडी जुन्या देवांना धरून बसली, 'पेगन' हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या खेडूत या शब्दावरून आलाय.

आणि गावातला माणूस देवाशी हिशोबाने वागतो हो. कोकणातलं गाऱ्हाणं ऐका, मागे सगळे 'होय महाराजा' म्हणतायत आणि पुढचा देवाला सरळ कामाला लावतोय. देव पाण्यात घालून बसणे म्हणजे तरी काय, काम होईपर्यंत देवाला बाहेर काढायचं नाही! शिवाय नवसाच्या बोकडावरून गावागावात फिरून लोकांना झापणारे गाडगेबाबा काय राजधानीतले विद्वान होते?

दुसरी चूक माझीच. मित्रांसोबत टेबलटॉप गेम चालवायचो, म्हणजे टेबलाभोवती बसून मी गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन खेळायचं, त्यात एका गावात पावसाचा देव दर मिरगाला स्वतः चालत यायचा, पारावर बसून भाकरी खायचा. एकाने शहरातला नास्तिक घेतला आणि पहिल्याच सीनला देवासमोर उभं राहून "देवबिव काही नसतं". मी गप्प, बाकीचे हसून लोळतायत, अख्खा सेशन गेला. चूक त्याची नाही, जिथे देव भाकरी मागून घेतो तिथे नास्तिक म्हणजे नक्की कोण हे मीच ठरवलं नव्हतं. नंतर त्या पात्राला गावातलाच शेतकरी केला, तीन वर्षं पाऊस न मिळालेला. तो म्हणतो, "आहेस ना, दिसतोयस, पण मी पाया पडणार नाही." काय जमला तो!

तेव्हापासून मी आधी देवाचा हिशोब लिहितो, नवस काय, बोकड कोण देतं, मुंडी कोणाच्या घरी जाते. एका संध्याकाळी बारा देवांचा तक्ता बनवून मोकळे होणारे नवशिके हे कधीच करत नाहीत, आणि मग चाळिसाव्या पानावर अडकले की मला मेसेज.

बाकी किरकोळ. पात्र नास्तिक का झालं हे दाखवायला दरवेळी त्याचं लहान पोर मारून टाकू नका, कंटाळा आला त्याचा. शिव्या आणि शपथा देवाच्या नावाने असू द्या, नास्तिकाच्या तोंडी पण. आणि पुजारी दरवेळी लबाड नको, एखाद्याला नुसती गुडघेदुखी आणि गळकं देऊळ द्या.