क्रूझवर फोन वापरायचाय? आधी फ्लाइट मोड, मग बाकीचं

सिंगापूरहून सुटायचं, मलेशियातलं पेनांग बघायचं, थायलंडमधलं फुकेट बघायचं आणि परत सिंगापूर, ही चार रात्रींची क्रूझ आता आपल्याकडे इतकी कॉमन झालीये की बुफेच्या लायनीत मागून "अगं लोणचं आणलंयस ना पर्समध्ये" असं ऐकू येतं. आम्ही घरचे सातजण जाऊन आलो, आणि आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतोय की फोनचं काय केलंत, खूप पैसे जातात म्हणे. जातात. पण कुठे जातात ते कळलं की वाचवता पण येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे फोनसाठी जहाज हा वेगळाच देश आहे. सिंगापूर नाही, मलेशिया नाही, थायलंड पण नाही. जहाजावर त्यांचा स्वतःचा छोटा मोबाइल टॉवर असतो, तो सॅटेलाइटला जोडलेला असतो आणि किनारा मागे पडला, म्हणजे साधारण १२ सागरी मैल, आपल्या हिशोबात २२ किलोमीटर, की तो चालू होतो. बंदरात असताना कसिनो आणि ड्यूटी फ्री बंद आणि समुद्रात गेलं की उघडतं ना, तसंच हे. आता आपला फोन बिचारा, जमिनीचा सिग्नल गेला की जो मिळेल त्याला चिकटतो, स्क्रीनवर वर सेल्युलर अ‍ॅट सी किंवा टेलिनॉर मेरिटाइम असं काहीतरी किंवा नुसता ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसतो, आणि आपण खूश की वा, समुद्रात पण फुल रेंज! ती रेंज तुमच्या 'सिंगापूर-मलेशिया-थायलंड' रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. पॅक देशांचा आहे, जहाजाचा नाही. युरोपात क्रूझ करणाऱ्यांचं पण हेच, तिथल्या सिमवर एका देशातून दुसऱ्या देशात रोमिंग फुकट असतं पण तो नियम जमिनीवरच्या टॉवरचा, जहाजाच्या सॅटेलाइटला लागत नाही.

आमच्या दिरांनी हे अनुभवलंय, आधीच्या एका ट्रिपमध्ये. डेटा रोमिंग बंद केलं होतं त्यांनी, अगदी आठवणीने, आणि त्यांना वाटलं झालं काम. रात्री डेकवर बसलेले, सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन, पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी आडवी लावलीये, ती तुमच्या पाहुण्यांची का. सात मिनिटं बोलले. गाडी दुसऱ्याच कोणाची तरी निघाली. बिल आलं तेव्हा त्या एका कॉलचे चार आकडी रुपये, कंपनीला फोन केला तर म्हणे सर तुम्ही मेरिटाइम नेटवर्कवर होतात. डेटा रोमिंग बंद केलं म्हणजे फक्त डेटा बंद होतो हो, कॉल चालूच राहतात, आणि परदेशात येणारा कॉल उचलला तरी पैसे आपलेच. भारतात इनकमिंग फुकट ही सवय इतकी अंगात मुरलीये की हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून नियम एकच, बोर्डिंग झालं की फ्लाइट मोड. त्यानंतर हवं तर त्याच फ्लाइट मोडमध्ये वायफाय परत चालू करा, ते चालतं, जहाजाचं अ‍ॅप पण त्यावर चालतं. सासूबाईंना मी सोप्या भाषेत सांगितलं, विमानाचं चित्र दिसतंय ना वर, ते दिसतंय तोवर पैसे लागत नाहीत. त्या दिवसातून चारदा विमान बघायच्या.

निघायच्या आधी घरी बसूनच काही कामं करून घ्या, कारण तिकडे नेट विकतचं असतं. गूगल मॅपमध्ये सिंगापूर, पेनांगचं जॉर्ज टाउन आणि फुकेट ऑफलाइन डाउनलोड करा, जीपीएसला नेट लागत नाही, निळा ठिपका फ्लाइट मोडमध्ये पण चालतो. ट्रान्सलेटमध्ये थाई भाषा उतरवून ठेवा. जहाजाचं अ‍ॅप घरीच टाकून लॉगिन करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा (फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंग तुमच्या डेटाने उतरायला नकोत), व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप, गूगल फोटोचा बॅकअप, अ‍ॅप अपडेट सगळं बंद. आणि एक जण हमखास विसरतो ते म्हणजे कॉल फॉरवर्डिंग, ##००२# डायल केलं की सगळी फॉरवर्डिंग कॅन्सल होतात, नाहीतर तुम्ही न उचललेला कॉल फॉरवर्ड होऊन त्याचे पैसे लागू शकतात.

भारतातलं सिम काढून ठेवू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार, आणि सिम हललं की यूपीआयवालं अ‍ॅप परत व्हेरिफिकेशन मागू शकतं, त्यासाठी परदेशातून एसएमएस पाठवायला लागतो, ती वेगळी कटकट. रोमिंगमध्ये येणारे एसएमएस साधारणपणे फुकट असतात पण तुमच्या प्लॅनमध्ये एकदा बघून घ्या. सिम नेटवर्क पकडण्यासाठी इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधी चालू करून घ्यावं लागतं, पॅक घ्या किंवा नका घेऊ. पॅक घेतलात तर त्यात देशांची यादी नीट वाचा. क्रूझ किंवा मेरिटाइम असं वेगळं लिहिलं नसेल तर जहाज त्यात नाही असंच धरून चाला. माझं मत विचाराल तर पोस्टपेड असेल त्याने जास्त घाबरावं, प्रीपेडचा बॅलन्स संपला की फोन गप्प बसतो, पोस्टपेडचं मीटर फिरत राहतं.

डेटासाठी आम्ही वेगळं सिम घेतलं आणि मला तेच बरं वाटलं. सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टला बाहेर आलं की टुरिस्ट सिम मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, काही सिममध्ये मलेशिया-थायलंडचा पण डेटा असतो, घेतानाच विचारा. नाहीतर ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता नेटवरून फोनमध्येच उतरवायचं सिम. तुमच्या फोनला ई-सिम चालतं का बघायला *#०६# डायल करा, आयएमईआयबरोबर ईआयडी असा लांबलचक नंबर दिसला तर चालतं. तीन देशांसाठी तीन ई-सिम घेण्यापेक्षा आशियाचा एकच रीजनल पॅक घ्या आणि तो हॉटेलच्या वायफायवर टाकून घ्या, कारण ई-सिम टाकायलाच नेट लागतं आणि जहाजावर ते करत बसणं म्हणजे डोक्याला ताप. हे प्रीपेडच असतं, फार तर डेटा संपेल, बिल फुटणार नाही. मग फोनमध्ये डेटा नव्या सिमवर, आणि भारताच्या सिमचं डेटा रोमिंग बंद. नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅप विचारू शकतं नंबर बदलायचा का, नाही म्हणायचं, जुन्या नंबरवरच चालू राहतं.

आता एक गंमत सांगते, ही मला कोणी सांगितली नव्हती. सिंगापूरहून जहाज सुटलं की समोर लगेच इंडोनेशियाचं बाताम बेट आहे, वीसेक किलोमीटरवर. आम्ही सगळे डेकवर, मरीना बेचे दिवे मागे पडतायत, सेल्फी चालू, आणि फोन वाजला, वेलकम टू इंडोनेशिया. अरे आम्ही कुठे गेलो इंडोनेशियाला! पण टॉवरला ते कुठे कळतंय, त्याचा सिग्नल पाण्यावरून आरामात येतो आणि फोन तिकडे उडी मारतो. तुमच्या पॅकमध्ये इंडोनेशिया नसेल तर तिथेच मीटर सुरू. तसंच मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका बाजूला मलेशिया आणि दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाचं सुमात्रा, रात्रभर फोन कुठे कुठे जाईल सांगता येत नाही. तर सुटताना सेल्फी लगेच पाठवायचाच असेल तर सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून हाताने सिंगापूरची सिंगटेल किंवा तुमच्या पॅकमधली कंपनी निवडा, मग सिग्नल गेला तर नो सर्व्हिस येईल पण उडी मारणार नाही. पाठवून झालं की फ्लाइट मोड. पेनांगला उतरल्यावर परत ऑटोमॅटिक करायला विसरू नका, मी विसरले होते आणि अर्धा तास मलेशियालाच शिव्या घातल्या.

जहाजाचं वायफाय घ्यायचं का? चार रात्रींसाठी सातजणांना सात पॅक घेणं मला तरी वेडेपणा वाटतो. हल्ली बऱ्याच जहाजांवर स्टारलिंक, म्हणजे सॅटेलाइटवरचं वेगवान नेट आलंय, स्पीड पहिल्यासारखा रडका नाही, पण दर अजून डॉलरमध्ये आणि बहुतेक ठिकाणी दर डिव्हाइस दर दिवस असा. घ्यायचंच असेल तर निघायच्या आधी वेबसाइटवर घ्या, जहाजावर चढल्यावर तेच महाग असतं बहुतेक वेळा. आणि एक डिव्हाइसचा पॅक म्हणजे एका वेळी एक डिव्हाइस, म्हणजे एकाने लॉगआउट केलं की दुसऱ्याने लॉगिन करायचं, आम्ही एका पॅकवर तिघांनी भागवलं. फक्त लॉगआउट नीट करा, नुसतं वायफाय बंद करून झोपलात तर दुसऱ्याला आत जाता येत नाही आणि मग रात्री अकराला दार वाजतं. नुसतं मेसेज-सोशल मीडियाचा स्वस्त पॅक असेल तर त्यात व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालतो का ते आधी विचारा. घरी रोज बोलायचंच असेल तर साधा व्हॉइस कॉल करा, मिनिटाला अर्धा-एक एमबी जातो, व्हिडिओ कॉलला त्याच्या कितीतरी पट.

पण खरं सांगू, वायफाय न घेता पण होतं, कारण या रूटवर जवळपास रोज जमीन लागते. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पियरला थेट जॉर्ज टाउनच्या दारातच लागतं, तिथे बाहेर पडलात की तुमचं स्वस्त सिम फुल चालतं, तासभर कॉफी घेत बसा, सगळे मेसेज, फोटो, ओटीपीची कामं उरकून टाका. फुकेटला मोठी जहाजं पातोंग बीचसमोर समुद्रातच थांबतात आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. आम्ही तिथे दुपारी उतरलोच नाही, ऊन फार होतं, पण वरच्या डेकवर जाऊन बघितलं तर थायलंडचा एआयएस मस्त पकडत होता, जहाजाचं वायफाय न घेता जहाजावरून घरी तासभर गप्पा. आतल्या केबिनमध्ये नाही मिळत, सगळं लोखंड आहे, बाल्कनी किंवा उघडा डेक पाहिजे. आणि कॉल करायच्या आधी वर नाव बघा, एआयएस किंवा ट्रू असं थाई कंपनीचं पाहिजे, ९०१ वगैरे दिसलं तर लगेच विमान.

जहाजावर एकमेकांना शोधायला पण लोक फोन करतात, म्हणजे दहाव्या मजल्यावरून बाराव्या मजल्यावर भारतातल्या नंबरवरून सॅटेलाइटने! त्यापेक्षा केबिनमधला फोन वापरा, केबिन ते केबिन फुकट असतो. जहाजाच्या अ‍ॅपमध्ये चॅट असतं, काही कंपन्यांचं फुकट, काही थोडे डॉलर घेतात. आणि सगळ्यात स्वस्त उपाय आमच्या सासऱ्यांचा, केबिनचं दार लोखंडी असतं त्यामुळे फ्रिजचं मॅग्नेट चिकटतं, दारावर चिठ्ठी, "मी पत्ते खेळतोय, ९ वा मजला, चहाला बोलवा." पोरांना पण हेच आवडलं.

घड्याळाचं मात्र जरा जपा. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, थायलंड एक तास मागे. फुकेटला तुमचा फोन थाई टॉवर पकडून आपोआप एक तास मागे जातो पण जहाज आपलं सिंगापूरच्या वेळेवर चालू असू शकतं. म्हणजे परतीची शेवटची बोट पाचला असेल आणि तुमच्या फोनमध्ये चार वाजलेत म्हणून तुम्ही निवांत शहाळं पिताय. फोनमधली ऑटोमॅटिक वेळ बंद करा आणि जहाजाची वेळ हाताने लावा, किंवा एकाने तरी मनगटावर साधं घड्याळ घाला.

शेवटच्या रात्री जहाजाच्या अ‍ॅपमध्ये किंवा टीव्हीवर आपलं अकाउंट उघडून वायफायच्या ओळी बघा. आमच्या एका केबिनवर एक जास्तीचा दिवस लागला होता, मुलाने चुकून परत बाय केलं होतं. गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर रात्री साडेदहाला गेलो तर दोन मिनिटांत काढून दिलं, सकाळी तिथेच पन्नास माणसांची रांग होती.