हेडर पेनड्राइव्हवर, डिस्क मशीनमध्ये: बूटलोडरला डिटॅच्ड हेडर कसा शिकवायचा

लक्स (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) वापरलेल्या डिस्कचा हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा आणि कींचा भाग, काढून पेनड्राइव्हवर ठेवायचा (हाच डिटॅच्ड हेडर) म्हणजे डिस्कवर नुसता रँडम कचरा दिसतो. क्रिप्टसेटअप या लक्स डिस्क तयार करणाऱ्या टूलला हे कधीपासूनच जमतं, अडतं ते बूटलोडरपाशी, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल लोड करणाऱ्या प्रोग्रामपाशी. ग्रब या लिनक्सच्या नेहमीच्या बूटलोडरमध्ये २.१२ पासून (डिसेंबर २०२३) क्रिप्टमाउंट कमांडला हेडरची फाइल देता येते, पण त्याचा जुना फोर्क (कोडची वेगळी काढलेली प्रत) सांभाळत असाल किंवा स्वतःचाच बूटलोडर असेल तर ते हाताने घालावं लागतं.

आधी कोडमध्ये डिस्कवरून कुठे कुठे वाचलं जातंय ते सगळं शोधून काढा. मूळ कोडने धरूनच चाललेलं असतं की हेडर, की-स्लॉट (पासवर्डने कुलूपबंद केलेली डिस्कची की ठेवायच्या जागा) आणि डेटा एकाच डिव्हाइसवर आहेत. आता हेडर आणि स्लॉटमधलं की मटेरियल (ती कुलूपबंद की) फाइलमधून वाचायचं, डेटाचे सेक्टर तेवढे डिस्कवरून. हेडरचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, की मटेरियलचं हमखास राहून जातं. लक्स१ (लक्सची जुनी आवृत्ती, लक्स२ नवी) चा हेडर जेमतेम ५९२ बाइटचा, पण ५१२ बिटची की असेल तर एकेका स्लॉटचं मटेरियल ६४ गुणिले ४००० म्हणजे २,५६,००० बाइट भरतं, आणि ते चुकून डिस्कवरून वाचलंत तर रँडम बाइट हातात येतात, रीड एरर वगैरे काही नाही, नुसतं "पासवर्ड चुकीचा", मग बसा कीबोर्डचा लेआउट तपासत. अजून एक बारीकशी गोष्ट, लक्स१ आणि लक्स२ ची मॉड्यूल्स एकामागोमाग तीच फाइल उघडून बघतात, तेव्हा प्रत्येकाने वाचायच्या आधी सीक करून (वाचायची जागा हलवून) शून्यावर यायचं.

आता ऑफसेट, म्हणजे डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो तो आकडा. माझे दोन दिवस इथेच गेले. पासवर्ड टाकला, स्लॉट उघडला म्हणून मेसेज आला, मी खुश, आणि पुढच्याच ओळीला "अननोन फाइलसिस्टिम". झालं असं होतं की डिटॅच्ड हेडरने फॉरमॅट केलं की डेटाचा ऑफसेट साधारणपणे शून्य असतो, आणि माझ्या कोडमध्ये शून्य म्हणजे "व्हॅल्यू मिळाली नाही, डीफॉल्ट धरा" असं होतं, म्हणजे ४०९६ सेक्टर, म्हणजे २ एमआयबी पुढून वाचायला सुरुवात. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे हेडरमधल्या डायजेस्टवरूनच (कीच्या हॅशवरूनच) ठरतं, डेटाशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे पासवर्ड चालला म्हणून डेटाची बाजूही बरोबर आहे असं अजिबात समजू नका. लक्स२ मध्ये सेगमेंटची (डेटाच्या भागाची) साइज बहुतेक वेळा "डायनॅमिक" अशी लिहिलेली असते, ती डिस्कच्या साइजवरून काढायची, हेडरच्या फाइलवरून नाही (हसू नका, होतं असं).

सगळ्यात मोठी गोची मात्र ओळखीची आहे. यूयूआयडी (डिस्कचा ओळख-क्रमांक) राहतो हेडरमध्ये, आणि हेडर गेला की डिस्कला नावच उरत नाही. त्यात तुम्ही फाइल हातात देऊन सगळ्या डिस्क स्कॅन करायला सांगितलं तर प्रत्येकच डिस्क मॅच होते, कारण यूयूआयडी डिस्कवरून नाही, फाइलमधून येतोय! म्हणून ग्रबही हेडर आणि यूयूआयडी एकत्र दिले की सरळ एरर देतं, तुम्हीही तेच करा, डिव्हाइसचं नाव स्पष्ट मागा. पेनड्राइव्ह लावला की डिस्कचे नंबर मागेपुढे होतात, तर नंबरावर विसंबण्यापेक्षा जीपीटीमधल्या पार्टिशनचा यूयूआयडी जुळवून बघा, तो पार्टिशन टेबलमध्ये असतो, त्यामुळे शाबूत राहतो.

हेडर फाइलमध्ये न ठेवता थेट पार्टिशनवर ठेवलाय? ग्रबला हेडर म्हणून डिव्हाइस चालत नाही, पण नावानंतर शून्य आणि अधिकचं चिन्ह लावून ब्लॉकलिस्ट (फाइलसारखी वाचता येणारी डिस्कच्या ब्लॉकची यादी) म्हणून दिलं की चालतं.

टेस्टिंग खऱ्या डिस्कवर करू नका. क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारं टूल) घ्या, एक रिकामी इमेज आणि एक वेगळी हेडर फाइल. लक्स२ असेल तर केडीएफ (पासवर्डपासून की बनवायची पद्धत) मुद्दाम पीबीकेडीएफ२ ठेवा, क्रिप्टसेटअप आपणहून आर्गॉन२ ही दुसरी पद्धत लावतं आणि ग्रब २.१२ ला ते कळत नाही. दोन केस तरी चालवाच: एक नव्याने डिटॅच्ड फॉरमॅट केलेली, म्हणजे ऑफसेट शून्य, आणि दुसरी आधीच्या साध्या डिस्कच्या हेडरचा बॅकअप काढून तोच डिटॅच्ड म्हणून दिलेली, तिथे जुना ऑफसेट, लक्स२ ला साधारण १६ एमआयबी, जसाच्या तसा राहतो. एक केस चालली म्हणून दुसरी चालेलच असं नाही.

कर्नल लोड झाला की बूटलोडरने उघडलेलं सगळं विसरलं जातं, इनिटरॅमएफएसला (कर्नलसोबत लोड होणाऱ्या सुरुवातीच्या छोट्या सिस्टिमला) हेडर परत लागतो, तेव्हा क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये) त्याचा पाथ द्या आणि पेनड्राइव्ह तोपर्यंत काढू नका. आणि डिस्कवरचा जुना हेडर पुसायच्या आधी फाइलच्या दोन कॉपी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली दुसरी कॉपी लावूनही एकदा बूट करून बघा.