हळदीची वेबसाइट गुगलवर टाकायच्या आधी

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले. घरची वायगाव हळद दळून पाकिटातून विकतो. गेल्या साली वेबसाइट केली, नातेवाइकांत लिंक फिरवली, आणि तीन महिने गुगलवर आमचा मागमूस नाही. शेवटी सापडलं काय, तर एक टिक. आमची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्याच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रीडिंग’खाली सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये असं सांगणारी चौकट असते. काम सुरू असताना साइट करणाऱ्या पोरानं ती लावली आणि मग विसरला. सगळ्यात आधी ती टिक निघाली का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मग कागदावर लिहून घ्या: डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर, पासवर्ड कोणाकडे. आमचं डोमेन त्या पोराच्याच खात्यात निघालं. धंद्याचं जीमेल वेगळं काढा आणि ते तुमच्याच मोबाइलला जोडा. ओटीपी यायचा असतो, तेव्हा रेंज असेल तिथंच बसा. आमच्याकडे ती जागा म्हणजे गच्ची, तीही पाण्याच्या टाकीजवळ.

आपली साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन म्हणजे गुगल सर्च कन्सोल, ते फुकट आहे. तिथं साइट आपलीच आहे हे दाखवायला एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे खुणेची एक ओळ, मिळतो, तो जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथं) टाकायचा. मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्यायचा. वर्डप्रेस २०२० पासून तो आपोआप तयार करतं. बिंग हे मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन, त्याच्या वेबमास्टर टूल्समध्ये हेच सगळं सर्च कन्सोलवरून उचलता येतं, दहा मिनिटांचं काम.

खरी तयारी लागते ती बिझनेस प्रोफाइलला, म्हणजे गुगलच्या नकाशावरच्या आपल्या दुकानाच्या नोंदीला. दुकान खरंच आपलं आहे हे पटायला गुगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं, न थांबता, न कापता काढलेला. गावात घर नंबर कोण विचारतो, ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढा पत्ता पुरतो. गुगलला नाही पुरत. म्हणून आधी नकाशावर पिन नेमकी लावा. मग रस्त्यावरून सुरुवात करा: गावाच्या नावाची पाटी, दुकानाचा बोर्ड, स्वतःच्या हातानं किल्लीनं उघडलेलं कुलूप, आत चक्की आणि पाकिटं. आमचा पहिला व्हिडिओ नापास झाला, कारण शटर बापूंनी आधीच उघडून ठेवलं होतं. बोर्ड नसेल तर तो आधी रंगवून घ्या, आणि त्यावर जे नाव, तेच साइटवर, तेच प्रोफाइलवर. घरूनच विकत असाल आणि गिऱ्हाइकाला दारात बोलवायचं नसेल तर पत्ता लपवता येतो.

पानावर मजकूर लिहिताना ‘हळद’, ‘हल्दी’ दोन्ही येऊ द्या. नागपूरचं गिऱ्हाईक हिंदीतही शोधतं. वायगावचं रोमन स्पेलिंगही कोणी डब्ल्यूनं करतं, कोणी व्हीनं. दोन्ही वाक्यात सहज बसवा, खाली रांग लावू नका.

‘पाच हजार भरा, पहिल्या पानावर आणतो’ असे फोन येतील. ठेवून द्या. पहिल्या जागेची हमी कोणी देऊच शकत नाही.

आठ-पंधरा दिवसांनी गुगलमध्ये ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, पुढं विसर्गासारखे दोन टिंब, आणि जागा न सोडता आपलं डोमेन टाकून बघा. पानं दिसली तर आली. नाही दिसली तर सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाका, अडलं कुठं ते तिथं कळतं.