पोटॅशियम म्हणजे फक्त केळं नाही, या चुका टाळा

बीपी जरा वाढलं की लोक पहिलं काय करतात तर केळी आणतात. एका मध्यम केळ्यात साधारण 400 मिग्रॅ पोटॅशियम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 3510 मिग्रॅ सांगते. म्हणजे नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर आठ-नऊ लागतील, कोण खाणार? त्यापेक्षा मंडईत गेलात की पालक, अळू, रताळी, बटाटे घ्या, घरात राजमा, मटकी, हरभरे असतातच. (साबुदाण्यात मात्र पोटॅशियम जवळपास नाहीच, खिचडीत जे काय येतं ते बटाटा आणि दाण्याच्या कुटातून.)

आता पालेभाजी उकडून पाणी सिंकमध्ये ओतलं की पोटॅशियमपण गेलं, कारण ते पाण्यात उतरतं. म्हणून आपली ताकातली पालकाची भाजी भारी, डाळ-दाण्यांबरोबर कुकरला लावली की सगळं पाणी भाजीतच राहतं.

बरं, एवढं करून जेवणात लोणचं, पापड आणि संध्याकाळी चहाबरोबर बाकरवडी चालूच असेल तर काय उपयोग? पोटॅशियममुळे किडनी जास्त सोडियम बाहेर टाकते आणि रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत होते हे खरं, पण मीठ वरून ओतत राहिलात तर ते बिचारं कुठे कुठे पुरणार. मीठ सगळं धरून दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

सगळ्यात डेंजर चूक वेगळीच आहे. "लो सोडियम" लिहिलेलं मीठ बीपीला चांगलं म्हणून सुनबाई आणते आणि अख्ख्या घराला तेच सुरू होतं. त्यात बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसाला सहसा त्रास नाही, उलट फायदाच, जास्तीचं किडनी काढून टाकते. पण आजोबांची किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातली गोळी चालू असेल तर ते रक्तात साठू शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, तेही बऱ्याचदा आधी काहीही न जाणवता. वर सारसबागेत फिरून आल्यावर रोज शहाळं, कपभर नारळपाण्यातच 600 मिग्रॅच्या आसपास! अशा घरात पाकिटामागचं वाचा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ आणूच नका. किडनीवाल्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर भाजीचा नियमही उलटा होतो, बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचा आणि पाणी फेकायचं.

सिंहगड चढताना पोटरीत गोळा आला की "पोटॅशियम कमी झालं" म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. घामातून पोटॅशियमपेक्षा सोडियम कितीतरी जास्त जातं आणि गोळा नुसता स्नायू थकल्यानेही येतो.

आणि रक्तातल्या पोटॅशियमचा रिपोर्ट. नॉर्मल साधारण 3.5 ते 5 (mmol/L). रक्त देताना मूठ सारखी आवळत राहिलात किंवा सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटल्या तर आकडा उगाच जास्त दिसतो, म्हणून डॉक्टर कधी कधी परत तपासायला लावतात, त्यात लॅबवाल्याशी भांडण्यासारखं काही नाही. पण "चुकला असेल" असं स्वतःच ठरवून रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत धडधड किंवा हातापायातली ताकद गेल्यासारखं वाटत असेल तर थेट इमर्जन्सीला जा.