विंडोज, मॅक की लिनक्स? तुलना करताना या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाहीतर दिवाळीचे सेल आले की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, कुठला लॅपटॉप घेऊ. मग एक जण म्हणतो मॅक घे डोळे झाकून, दुसरा म्हणतो लिनक्स टाक फुकट आहे, तिसरा म्हणतो विंडोजला पर्याय नाही रे बाबा. तिघंही आपापल्या कामापुरतं खरंच बोलत असतात, पण विचारणाऱ्याचं काम काय आहे हे तिघांनीही विचारलेलं नसतं. तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

सिस्टीम आधी ठरवायची, काम नंतर बघायचं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आधी कागदावर लिहून काढा की कुठल्या गोष्टीशिवाय तुमचं काम अडतं. टॅली लागतं का? टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे अकाउंटवाल्यांची चर्चा तिथेच संपते. सॉलिडवर्क्स लागणार असेल, म्हणजे मेकॅनिकलवाली मुलं, तर तेही विंडोजच. ऑटोकॅड मॅकवर आहे पण त्यात काही सोयी कमी आहेत, आणि लिनक्सवर नाहीच. फोटोशॉप मॅक आणि विंडोज दोन्हीकडे आहे, लिनक्सवर नाही. लग्नपत्रिका, फ्लेक्स करणारी मंडळी कोरलड्रॉवर जगतात, ते २०१९ पासून मॅकवरही मिळतं, पण तुमच्याकडे छपाईची पानं लावायचं जुनं पेजमेकर आणि त्यातल्या वर्षानुवर्षांच्या फाइली असतील तर नव्या मॅकचं नावच काढू नका.

एक्सेलबद्दल लोक फार सहज बोलतात, "मॅकवर पण ऑफिस आहे की". आहे, नाही कोण म्हणतंय. पण तिथे ऑफिसमधलं डेटाबेसचं अॅक्सेस नाही, आणि ऑफिसातल्या कुणीतरी कधीकाळी बनवून ठेवलेल्या मॅक्रोवाल्या (म्हणजे आपोआप काम करणाऱ्या) शीटमध्ये विंडोजच्या अॅक्टिव्हएक्स तंत्राची बटणं असतील तर ती मॅकवर चालत नाहीत. साधी पगाराची शीट असते, वीस लोक रोज वापरतात, कुणी बनवली ते कुणाला आठवत नाही आणि नेमकी तीच अडते. लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिसमध्ये तर अशा शीटची आणखीच परीक्षा असते. म्हणून आपली सगळ्यात किचकट फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ज्याच्याकडे तुम्ही घेणार ती सिस्टीम आहे त्याच्याकडे जाऊन उघडून बघा. ई-टेंडर किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर तुमच्या नव्या सिस्टीमसाठी आहे का हे टोकन देणाऱ्यालाच विचारा.

मराठी फाइलींचा विचारच न करणं

इंग्रजीतले तुलनेचे व्हिडिओ बघून निर्णय घेतला की हे हमखास सुटतं, कारण त्यांना हा त्रासच नाहीये. आपल्याकडे छापखाने, संस्था, शाळा यांच्या जुन्या फाइली श्रीलिपी, शिवाजी अशा युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये असतात. त्यात मराठी अक्षरं खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की स्क्रीनभर अगम्य रोमन अक्षरं दिसतात आणि लोक म्हणतात नवीन लॅपटॉप मराठी दाखवत नाही. लॅपटॉपचा काही दोष नाही. जुन्या मशीनवरून तो फॉन्ट कॉपी करून टाकला की बहुतेक वेळा वाचता येतं, मॅकवर पण आणि लिनक्सवर पण. टाइप करणं मात्र वेगळी गोष्ट, त्याला त्या त्या सॉफ्टवेअरचा की-बोर्ड लागतो. आणि असल्या मजकुरात शोधलं तर काही सापडत नाही. नवीन सिस्टीमवर जाताना अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं काम आधी करा, जुनं मशीन भंगारात गेल्यावर नाही.

युनिकोडमध्ये असलेल्या फाइलींचाही एक छोटा त्रास आहे. विंडोजवर मंगल किंवा निर्मला असतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर बहुधा नोटो नाहीतर लोहित. मंगलमध्ये केलेला अहवाल दुसरीकडे उघडला की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, वीस पानांची बावीस पानं होतात आणि अनुक्रमणिका चुकते. यावर उपाय सोपा आहे, तिन्हीकडे एकच मोफत फॉन्ट टाका, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे किंवा नोटो आहे, आणि बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा.

टायपिंगचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण की-बोर्ड, तिन्ही सिस्टीमवर मिळतं आणि जवळपास सारखंच असतं, ते येत असेल तर तुम्ही कुठेही जा. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर यातला ऱ शिफ्ट दाबून र च्याच कीवर मिळतो. बोलीतल्या उच्चारासारखं इंग्रजी अक्षरांनी टाइप करायची सवय असेल तर विंडोजमध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच आहे, लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या सोयीमध्ये तसा की-बोर्ड टाकता येतो. फक्त दोन्हीचे नियम थोडे वेगळे आहेत आणि पहिला आठवडा चिडचिड होते.

आठ वर्षं जुना विंडोज आणि कोरा करकरीत मॅक

"विंडोज स्लो होतं, मॅक बघ कसा पळतो." अरे पण तुझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि त्या मॅकमध्ये न फिरणारी, कितीतरी वेगवान एसएसडी! ही म्हणजे सामानाने भरलेल्या टेम्पोशी मोकळ्या बाइकची शर्यत झाली. आधी जुन्या मशीनमध्ये एसएसडी टाकून बघा, जमत असेल तर रॅम वाढवा, आणि मग तुलना करा. बऱ्याच जणांचा नवीन लॅपटॉपचा खर्चच वाचतो.

उलट दिशेने पण हेच होतं. मॅकमध्ये आधी इंटेलची चिप असायची, अॅपलची स्वतःची एम१ चिप नोव्हेंबर २०२० मध्ये आली, आणि २०१७ चा इंटेल मॅक वापरलेला माणूस "मॅक गरम होतो, पंखा बोंबलतो" असं आजही सांगत फिरतो. त्याचा अनुभव खोटा नाही, पण ते मशीनच वेगळं होतं.

किमतीची तुलना करतानाही सारखंच सारख्याशी लावा. मॅकबुक एअरमध्ये रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, घेताना घेतलं तेवढंच. त्याला यूएसबी-सीच्या दोनच जागा, म्हणजे नेहमीचा पेन ड्राइव्ह आणि टोकन लावायला हब लागणार, त्याचे पैसे धरा. एम१ आणि एम२ च्या एअरला बाहेरचा एकच मॉनिटर अधिकृतपणे चालतो, ऑफिसात दोन स्क्रीन लावून बसणाऱ्यांना हे घरी आल्यावर कळतं.

आकडे चुकीचे वाचणं

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते आणि मॅकवर जवळपास ५१२ दिसते, मग "विंडोजने ३६ जीबी खाल्ले" अशी बोंब. कुणी काही खाल्लेलं नाही, विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं आणि मॅक २००९ पासून १००० च्या हिशोबाने. रॅमचं पण तेच, लिनक्स मोकळी पडलेली रॅम कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडतं, तिथे किती वापरली यापेक्षा किती उपलब्ध आहे तो रकाना बघायचा. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा असेल तर गप्प बसायचं.

"विंडोज" लिहिलंय म्हणजे सगळं चालणार असं धरणं

२०२४ च्या जूनपासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आलेत. बॅटरी मस्त, गरम होत नाहीत. पण ही एआरएमची, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीची चिप आहे. नेहमीची सॉफ्टवेअर विंडोज त्यावर भाषांतर करून चालवतं, बरीचशी नीट चालतात, पण ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही. त्यामुळे जुना प्रिंटर, बारकोड स्कॅनर, एखादा डोंगल यांचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर कंपनीने काढला नसेल तर विषय संपला, कितीही वेळा इन्स्टॉल करा. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

मॅकवाल्यांची याचीच बहीण शोभेल अशी चूक आहे, "लागलंच तर मॅकमध्ये विंडोज टाकून घेऊ". इंटेल मॅकवर विंडोज टाकायला बूट कॅम्प होतं, एम सिरीजवर ते नाही. पॅरलल्स या सॉफ्टवेअरच्या आत विंडोज चालतं पण तेही एआरएमचंच विंडोज, आणि त्याचे पैसे वेगळे.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तारखा बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी लागते, आणि बाजारात सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर तपासणीला बगल देऊन ११ टाकून विकतात. चालतं, पण पुढचे मोठे अपडेट मिळतील याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. स्वस्तात इंटेल मॅक मिळतोय म्हणून उडी मारणाऱ्यांसाठी, २०२५ चं टाहो हे इंटेल मॅकला मिळालेलं शेवटचं मॅकओएस आहे, आणि तेही मोजक्याच मॉडेलना. पैसे द्यायच्या आधी जुन्या मालकाचं अॅपल अकाउंट निघालंय ना ते तुमच्यासमोर बघा. अशा सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर माझ्या मते लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकारच टाकावा, ब्राउझर आणि ऑफिसच्या कामाला ती अजून दणकट आहेत.

लिनक्स घाईघाईत टाकणं

आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, आणि झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतंय का, एवढं तपासा. वेगावरून मात्र तेव्हा मत बनवू नका, पेन ड्राइव्हवरून सगळंच रखडत चालतं.

विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकायचं असेल तर डिस्कच्या पार्टिशनला हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपवर बरेचदा ते आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. बूटच्या सेटिंगमध्ये काही बदललं की ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं, ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधी काढून कागदावर लिहा. बॅकअप तर घ्याच.

झाल्यावर दोन तक्रारी ठरलेल्या. पहिली, लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. कारण विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून फास्ट स्टार्टअप चालू असतं आणि विंडोज शट डाउन केलं तरी पूर्ण बंद झालेलं नसतं, म्हणून लिनक्स ती ड्राइव्ह फक्त वाचायला देतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ते बंद करा. दुसरी, विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे जातं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं, बाकी काही नाही. पण घड्याळ चुकलं की ब्राउझर सुरक्षिततेचे इशारे द्यायला लागतो आणि माणूस व्हायरस शोधत बसतो, कुणी कुणी तर मदरबोर्डचा सेल पण बदलतात. लिनक्सला ते घड्याळ लोकल वेळेवर ठेवायला सांगितलं की झालं, एका कमांडचं काम आहे.

पेन ड्राइव्ह आणि फाइलींची नावं

मॅक विंडोजच्या एनटीएफएस या फॉरमॅटची ड्राइव्ह वाचतो पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे फिरवायची ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी आतला माल दुसरीकडे हलवून. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो. मॅकवर किंवा लिनक्सवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, किंवा लिनक्सवर विसर्गासारखं कोलन टाकलं असेल तर विंडोज ती फाइल घेताना कुरकुर करतं.

दोन दिवसात निकाल लावणं

विंडोजवरून मॅकवर गेलेला माणूस पहिले दोन दिवस वैतागतोच. लाल बटण दाबलं तरी बरीच अॅप चालूच राहतात, बंद करायला कमांड-क्यू. डिलीट लिहिलेली की मागचं अक्षर खोडते, पुढचं खोडायचं तर सोबत एफएन दाबा. फाइल कट करायला गेलं तर होत नाही, कमांड-सी करून नव्या जागी ऑप्शन-कमांड-व्ही केलं की ती हलते. दुकानात परत करायला जायच्या आधी एवढं करून बघा.