गुलमर्ग की औली? बेळगावातून बर्फात जायचं ठरवताय तर आधी उंची बघा

डिसेंबर लागला की ग्रुपवर सुरू होतंय, चला ओ यंदा बर्फ बघून येऊया, स्कीइंग पण करूया. मग कोण म्हणतंय काश्मिरातलं गुलमर्ग, कोण म्हणतंय उत्तराखंडातलं औली, रील्स दोन्हीकडच्या सारख्याच दिसतात आणि शेवटी ज्याचं पॅकेज दोन हजारानं कमी ते फायनल. तसं नका करू. दोन्ही जागा मस्त आहेत पण दोघांची कामं वेगळी आहेत, आणि आपण इतक्या लांबून जाणार, तिथं जाऊन बर्फच नसला तर नुसते बिनपानांचे डोंगर बघत बसायचं काय?

म्हणून पहिला प्रश्न बर्फाचा. बर्फ मिळणार का हे नशिबावर आहे तसं उंचीवर पण आहे. गुलमर्गचं मैदान साधारण २६५० मीटरवर, तिथनं गोंडोलाची (केबल कारची) फर्स्ट फेज कोंगडोरीला सोडते, ते ३०००च्या थोडं वर, आणि सेकंड फेज थेट अफरवट डोंगराच्या अंगावर, जवळपास ३९५० मीटर. म्हणजे खाली बर्फ कमी पडला तरी वर कुठंतरी मिळायचा चान्स राहतो. औलीत तसं नाही, स्लोप अंदाजे २५०० पासून ३०५० पर्यंत, त्याच्यावर न्यायला लिफ्टच नाही. तिथं कृत्रिम बर्फ उडवायच्या मशिनी बसवल्यात, पण त्यांना पण थंडी लागते, हवा गरम असली की त्यांचा काय उपयोग नाही. पण गुलमर्ग म्हणजे गॅरंटी असं पण समजू नका, २०२४ च्या जानेवारीत तिथलं मैदान कोरडं ठाक होतं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून खेलो इंडिया विंटर गेम्स पुढं ढकलून मार्चमध्ये घेतले. त्यामुळं ख्रिसमसची सुट्टी धरून जाऊ नका, गर्दी आणि रेट फुल्ल, बर्फ मात्र अर्धा. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा टाइम दोन्हीकडं बरा. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांना चिल्लाई कलान म्हणतात, सगळ्यात कडक थंडी तेव्हाच, आपली जांबोटीची थंडी त्यापुढं काहीच नव्हे.

दुसरं म्हणजे रजा किती आहे. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, दिल्ली गाठा (थेट नाही मिळालं तर बेंगळुरूवरून), दिल्लीहून श्रीनगर विमानानं दीड तासाच्या आसपास, आणि श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. तंगमर्गपर्यंत साधी गाडी जाते, पुढच्या तेरा किलोमीटरच्या घाटात बर्फ असला की चेन लावलेली नाहीतर फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते. औलीचं गणित वेगळं. दिल्ली, मग हृषीकेश, मग तिथनं औलीच्या खालचं गाव जोशीमठ अडीचशे किलोमीटर, सगळा डोंगरातला रस्ता, पहाटे निघालं तर संध्याकाळ. जोशीमठ ते औली रोपवे भारी होता, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले तेव्हा तो बंद केला, त्यामुळं रोपवे धरून प्लॅन करू नका, टॅक्सीच धरा. एकूण आठवड्याची रजा असेल तर औलीत जाण्यायेण्यातच निम्मी संपते. गोवा एक्सप्रेसनं बेळगाव ते निजामुद्दीन जायचं म्हटलं तर साधारण दीड दिवस अजून त्यात धरा, एका बाजूचा.

आता खरंच स्कीइंग शिकायचंय की स्की घालून फोटो काढायचाय, हे ग्रुपमध्ये आधी स्पष्ट विचारा, भांडणं इथंच होतात. शिकायचं असेल तर माझं मत औली. गढवाल मंडळ विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, गर्दी कमी, दुसरं करायला फारसं काही नाही म्हणून पोरं स्लोपवरच राहतात, आणि समोर नंदादेवी, ७८१६ मीटर! दमून खाली पडलात तरी व्ह्यू चांगला. गुलमर्गात पण केंद्र सरकारची स्कीइंगची संस्था आहे आणि शिकणाऱ्यांसाठी खाली सोपे उतार आहेत, पण त्याच मैदानात टुरिस्ट, स्लेजवाले, सगळ्यांचा गोंधळ असतो. अफरवटचा उतार शिकणाऱ्यांसाठी नाहीच. ती जगभरातल्या तयार लोकांची जागा, मोकळा डोंगर, हिमस्खलनाचा धोका खरा आहे, २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत तिथं परदेशी स्कीअरचे जीव गेलेत. वरपर्यंत गोंडोलानं जा, बघा, गोंडोलानंच परत या.

आई-बाबा, लहान पोरं बरोबर असतील तर मात्र गुलमर्ग, जास्त विचारच करू नका. प्रवास कमी आणि फार न चालता बर्फात पोचता येतं. वर श्वास लागतो, बीपी नाहीतर दम्यावाल्यांना फर्स्ट फेजवरच थांबवा. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, सीझनला तिकिटं कित्येक दिवस आधीच संपतात. टॅक्सी स्टँडपासून गोंडोला साधारण किलोमीटरभर, उतरल्या उतरल्या दहा जण येऊन गाइडशिवाय सोडत नाहीत म्हणून सांगतील, तिकडं लक्ष द्यायचं नाही. देवदर्शनाशिवाय ट्रिप पूर्ण होत नाही असं म्हणणारी आजी असेल तर औलीच्या वाटेवर जोशीमठचं नृसिंह मंदिर आहे, बद्रीनाथ हिवाळ्यात बंदच असतं.

गुलमर्ग ठरलं तर आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, घरातलं एक तरी पोस्टपेड पाहिजे. २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काही ठिकाणं बंद करून टप्प्याटप्प्यानं उघडली, म्हणून बुकिंगच्या आधी काय चालू काय बंद ते विचारा. गल्लीत मराठा सेंटरमधला (बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र), काश्मिरात पोस्टिंग काढलेला कोणीतरी रिटायर माणूस असतोच, थंडीचे कपडे काय घ्यायचे ते त्यालाच विचारा, दुकानदाराला नको. थर्मल आणि वॉटरप्रूफ हातमोजे इथनं घेऊन जा, कोट आणि गमबूट तिकडं भाड्यानं मिळतात, जीन्स अजिबात नको, भिजली की वाळतच नाही.

आणि परतीचं तिकीट. बर्फ जोरात पडला की श्रीनगरची विमानं कॅन्सल होतात, औलीकडं दरड आली की रस्ता अडतो, म्हणून दिल्लीत एक रात्र मोकळी ठेवूनच सांबऱ्याचं विमान धरा, दोन्ही तिकिटं वेगळी काढली असतील तर पहिलं चुकल्यावर दुसऱ्याचे पैसे कोण देत नाही.